लव्हिनियाची खोली

"मग माझा पलंग टाकायचा कुठे? अंगणात?"

"अंगणात कोण म्हणालं? मी फ्रेझ्नो म्हणालो. आयडाकडे. सख्खी बहीण आहे तुझी."

"सख्खी आहे म्हणूनच सांगते. हिवाळाभर तिच्या घरात राहिले तर खुबा बरा होईल आणि डोकं कामातून जाईल."

वेंडेल ट्रेगो मागच्या खोलीच्या दारात उभा होता. दोन्ही हात चौकटीला लावलेले, जणू थेल्मा काठी टेकत येऊन त्याला ढकलून आत घुसणार होती. थेल्मा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून हललीही नव्हती. तिला हलायला वेळ लागायचा. भांडण न्याहारीपासून चाललं होतं, आणि वेंडेलची अंडी ताटलीत थिजून गेली होती.

खुब्याचं ऑपरेशन नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर लगेचच होतं. त्यानंतर जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. झोपायची खोली वर होती. खाली एकच खोली, न्हाणीघराला लागून, आणि तिच्यात पुस्तकं राहत होती.

"मी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपू का?" थेल्माने विचारलं.

"नव्या खुब्याने सोफ्यावर? डॉक्टर नको म्हणाले ना."

"डॉक्टरांचं एवढं तुझ्या लक्षात राहिलं तर! मग त्या खोलीला काय झालंय?"

"थेल, प्रश्न जागेचा नाही. प्रश्न ओलाव्याचा आहे."

"कसला ओलावा?"

वेंडेलने एक हात चौकटीवरून खाली घेतला. समजावून सांगायचं असलं की तो असंच करायचा. "माणूस झोपेत श्वास सोडतो. त्यात पाणी असतं. दातांचे डॉक्टर प्रुइट म्हणतात, एक माणूस रात्रभरात पेलाभर पाणी हवेत सोडतो. कागद ते पितो."

"म्हणजे मी श्वास घेते, ही अडचण आहे."

"घेतेस ती नाही," वेंडेल म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. "सोडतेस ती."

वेंडेल वाईट माणूस होता असं थेल्माला लग्नाच्या इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. तो दारू पीत नसे, हात उगारत नसे, चर्चमध्ये झोपत असला तरी घोरत नसे. कॉपर हिलच्या पाणीपुरवठ्यात तो मीटर वाचायचा. गावातल्या प्रत्येक घराचं मागचं अंगण त्याला ठाऊक होतं आणि कुठल्याही घराचा दिवाणखाना ठाऊक नव्हता. कुत्री त्याला ओळखायची, मालक ओळखायचे नाहीत. पुस्तक म्हणाल तर वर्तमानपत्रातला मासेमारीचा कोपरा तेवढा तो वाचायचा, तोही नदीला पाणी असेल तेव्हा.

निवृत्तीच्या वर्षी एका मेलेल्या शिक्षिकेच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. थेल्माने त्याला तिथे दिवा आणायला पाठवलं. शिवणकामाच्या टेबलाला लागणारा, मान वळणारा दिवा. तो पुस्तक घेऊन आला. दिवा विकला गेला होता म्हणे, आणि पुस्तकावर डोंगराचं चित्र होतं.

ती लव्हिनिया हॅस्केटची पत्रं. सोनं सापडून खाणींकडे माणसांची गर्दी लोटली त्या काळात ही बाई नवऱ्याच्या मागून डॉगटूथच्या छावणीत आली, लाकडी खोक्याचं टेबल करून तिने मेन राज्यातल्या बहिणीला पत्रं लिहिली, आणि ती म्हातारी झाल्यावर कुण्या छापखानेवाल्याने त्यांचं पुस्तक काढलं. आता तिच्या नावाने कॉपर हिलमध्ये एक शाळा आहे, एक गल्ली आहे, आणि एक कपडे धुण्याचं दुकान आहे. ते दुकान बघून बाईला फेफरं आलं असतं.

पुस्तक टेबलावर पडून राहिलं असतं. पण पुस्तकाबद्दल ऐकून पुढल्याच आठवड्यात डॉक्टर प्रुइट स्वतः घरी आले. गावाचे दंतवैद्य. वेंडेलने त्यांच्या मागच्या भिंतीवरचा मीटर इतकी वर्षं वाचला, पण ते कधी "ये, बस" म्हणाले नव्हते. त्या दिवशी ते ट्रेगोंच्या दिवाणखान्यात बसले, थेल्माकडे साबण मागून त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि पुस्तक उघडताच त्यांच्या तोंडून आवाज निघाला, दात उपटताना माणसाच्या तोंडून निघतो तसा.

"वेंडेल," ते म्हणाले, "ही दाढीची प्रत आहे."

इंग्रजीत पाव म्हणजे 'ब्रेड' आणि दाढी म्हणजे 'बिअर्ड', या दोन शब्दांत अक्षरं तीच, जागा तेवढ्या बदललेल्या. बाईने लिहिलं होतं, आज सकाळी अकरा माणसांसाठी मी पाव भाजला. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याच्या डुलकीने ते छापून आलं, आज सकाळी अकरा माणसांसाठी मी दाढी भाजली. थोड्या प्रती निघाल्या, चूक सापडली, पुढच्या प्रतींत पाव झाला. ज्यात पाव आहे तो कागद. ज्यात दाढी आहे ते रत्न.

डॉक्टर गेल्यावर वेंडेलने पुढचं दार लावलं. "मला 'वेंडेल' म्हणाले," एवढंच तो म्हणाला.

तिथून पुढे खोली भरत गेली. दाढीची दुसरी प्रत, कडा जरा जळलेली. दाढीची तिसरी, आधीच्या मालकाची सही असलेली. मग पावाच्या प्रती, कारण दाढीशेजारी तुलनेला पाव लागतो. मग मधल्या काळात कुणा हौशी छापखान्याने हातकागदावर काढलेली देखणी आवृत्ती, जिची पानं अजून कापलेली नव्हती. जुन्या पद्धतीने मोठा कागद घडी घालून शिवलेला, कडा जोडलेल्या. वाचायचं तर सुरीने पानं फाडत जायचं. पण फाडलं की किंमत गेली. म्हणजे जे कुणीच वाचलेलं नाही आणि कुणी वाचूही शकत नाही, ते सर्वांत मोलाचं. थेल्माला हे वेंडेलने समजावून सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, "आणि ज्या पावाचा घास कुणी घेतला नाही, तो?" वेंडेल म्हणाला, तुला कळणार नाही.

खोलीला नवी काचबंद खिडकी आली. ओल शोषणारं यंत्र आलं, ते दिवसभर घरघरायचं आणि त्याचं तबक थेल्मा ओतायची. तिची शिवणाची मशीन वर गेली. लोखंडी इस्त्री, मुलीची, नोरीनची, लहानपणीची पेटी, पाहुण्यांची खाट, सगळं वर किंवा गॅरेजमध्ये. मग दाराला किल्ली आली. घरातल्या एका खोलीला घरातल्याच माणसापासून कुलूप लावावं लागतं, हे थेल्माने चर्चमधल्या बायकांना सांगितलं नाही. त्या हसल्या असत्या, आणि तिलाही हसू आलं असतं.

वाचलं तिनेच. औषधांच्या दुकानात मिळणारी पातळ पुठ्ठ्याची आवृत्ती वेंडेलने "वाचायची प्रत" म्हणून आणली होती आणि वाचायची नसल्याने स्वयंपाकघरात टाकली होती. कणीक फुगेपर्यंत थेल्मा ती चाळायची. लव्हिनिया तिला फारशी आवडली नाही. बाई नाकाने कांदे सोलायची. चिखल वाईट, माश्या वाईट, शेजारणी अडाणी, आणि समुद्रापलीकडून आलेल्या कॉर्निश खाणमजुरांच्या बायका तर आडदांड, मोठ्याने बोलणाऱ्या, उकडलेल्या सलगमासारख्या तोंडाच्या. थेल्माची पणजी त्याच कॉर्निश बायकांतली. त्याच छावणीत ती खाणीच्या माणसांचे कपडे धुवायची. तिने पत्रं लिहिली नाहीत. एक तर येत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे दुपारपर्यंत हात सोलवटलेले असायचे. तिची कुठलीच आवृत्ती निघाली नाही. निघाली ती थेल्माची आजी, मग आई, मग थेल्मा, सगळ्या उभ्याने कामं करणाऱ्या. थेल्मा शाळेच्या खानावळीत सिमेंटच्या फरशीवर उभी राहून मुलांना वाढत राहिली. खुबा त्या फरशीने खाल्ला, असं ती म्हणायची. उरलेला खाल्ला दाढी मंडळाने.

दाढी मंडळ म्हणजे प्रुइट, किराणावाला, बँकेतला एक, लाकडाच्या वखारीतले दोघे भाऊ आणि अशीच आणखी माणसं, ज्यांच्या घरात दाढीची एक तरी प्रत होती. वर्षातून एकदा, लव्हिनियाच्या वाढदिवसाजवळच्या शनिवारी, भर दुपारी ते जेवायला जमायचे. काथ्याच्या दाढ्या लावायचे, कानावरून दोऱ्याने बांधलेल्या. टेबलावर घेवड्याची उसळ, डुकराचं खारं मांस आणि भट्टीतून आत्ता काढलेला पाव. त्या वर्षीचा अध्यक्ष पाव दोन्ही हातांत धरून उभा राहायचा आणि ओरडायचा, "कोणी भाजली?" सगळे ओरडायचे, "लव्हिनियाने भाजली!" मग पाव तोडायचा.

भाजायच्या थेल्मा आणि इतर बायका. बऱ्याच वर्षी एकटी थेल्मा, कारण तिचा पाव चांगला. ती ओरड तिला खुपायची नाही. पुरुषांना ओरडायला काहीतरी लागतं. ती त्याकडे वखारीच्या भोंग्याकडे लक्ष द्यावं तेवढंच लक्ष द्यायची.

या वर्षी अध्यक्ष वेंडेल होता, आणि जेवण त्यांच्या घरी. भांडणानंतरच्या शनिवारी. खोलीचं काही ठरलं नव्हतं. वेंडेलने विषय काढला नाही आणि थेल्मालाही पाव भाजायचे होते. नोरीन आदल्या दिवशी सॅक्रामेंटोहून नवऱ्याला, गॅरीला, घेऊन आली होती. कणीक तिने मळली, आई खुर्चीवर बसून "अजून, अजून" म्हणत राहिली.

"मॉम, हात तुटले माझे."

"शिवणारीच्या मुलीचे हात असे कसे?"

"मी शिवत नाही. विमा विकते."

"म्हणूनच."

दुपारी काथ्या आला. डॉक्टर प्रुइटांनी तर खोट्या मिशाही लावल्या होत्या. पंगत बसली. वेंडेल पाव धरून उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज चिरकला, पण सगळ्यांनी जोरात साथ दिली. लव्हिनियाने भाजली! खिडकीची तावदानं हलली. आतल्या यंत्राने घरघर केली.

"थेल्मा," डॉक्टर म्हणाले, "यंदाची दाढी झकास. पापुद्रा कसा कुरकुरतोय."

"डॉक्टर, तुमच्या मिशीला लोणी लागलंय."

"ती खोटी आहे."

"लोणी खरं आहे."

सगळे हसले. वेंडेलही हसला. त्याला घरात असं हसताना थेल्माने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि क्षणभर तिला बरंही वाटलं. उसळीचं दुसरं भांडं आणायला ती काठी घेऊन उठली. गॅरी "मी आणतो" म्हणाला आणि बसून राहिला.

ती भांडं घेऊन दारात आली तेव्हा डॉक्टर उभे होते.

"आणखी एक गोष्ट, मित्रांनो. तुम्हाला माहीत आहेच, सॅन फ्रान्सिस्कोचं ग्रंथसंग्राहकांचं मंडळ जानेवारीत इथे येतंय. आपल्या वेंडेलची खोली बघायला. उन्हाळ्यापासून आम्ही दोघं त्याची तयारी करतोय. आणि आज आपण थेल्माचे आभार मानले पाहिजेत. तिने आपणहून, मला वेंडेलने सांगितलं, आपणहून ठरवलंय की ऑपरेशननंतर हिवाळाभर बहिणीकडे राहायचं, म्हणजे खोलीची हवा हलणार नाही. संग्राहकाची बायको असावी तर अशी!"

टाळ्या वाजल्या. काथ्याच्या दाढ्यांतून दात दिसले. थेल्मा भांडं धरून दारात उभी होती. भांडं जड होतं आणि खुब्यात कळ येत होती. ती टेबलाभोवती एकेका तोंडाकडे बघत गेली. वेंडेल ताटलीत बघत होता. आणि नोरीन, तिची एकुलती एक मुलगी, तोंड भरून हसत टाळ्या वाजवत होती.

थेल्माने भांडं टेबलावर ठेवलं. "उसळ गरम आहे," ती म्हणाली. "घ्या."

पाहुणे निघेपर्यंत ती वाढत राहिली. डॉक्टरांनी जाताना तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिने तो घेऊ दिला. वखारीतला थोरला भाऊ दाढी विसरला, ती खुर्चीच्या पाठीवर लोंबत राहिली.

मग स्वयंपाकघरात नोरीन आली. आईचा चेहरा बघून ती थांबली.

"मॉम? तुला आवडलं नाही का ते बोलले ते?"

"तुला केव्हा कळलं?"

"फ्रेझ्नोचं? डॅडनी फोन केला होता. ऑगस्टमध्ये असेल. म्हणाले, तू म्हणालीस."

"ऑगस्टमध्ये ऑपरेशन केव्हा आहे हे मलाच माहीत नव्हतं. तारीख मागच्या आठवड्यात मिळाली."

नोरीनने टॉवेल खाली ठेवला. "खुबा बदलायचा हे तर ठरलंच होतं. मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

"आणि झालं नसतं तर तू मला विचारलं असतंस?"

"मॉम, आयडामावशीचं घर एकमजली आहे. मलाही बरंच वाटलं. तिथे जिना नाही."

"तिथे तीन कुत्री आहेत आणि आयडा सकाळपासून सिगारेट ओढते. इथेही एका खोलीला जिना नाही." थेल्मा थांबली. "सोय झाली असं तुला वाटलं. माझी नव्हे. तुझी. बापाशी बोलायला नको, आईशी बोलायला नको."

नोरीनने टॉवेल पुन्हा उचलला. ते खरं होतं आणि तिला विमा विकायची सवय होती. खरं निघालं की ती गप्प बसायची.

वेंडेल आत आला. काथ्याच्या दोऱ्याने त्याच्या कानामागे लाल वळ उठले होते.

"एवढा चेहरा पाडायचं कारण नव्हतं, थेल. सगळ्यांसमोर."

"मी उसळ हाताने वाढली. चेहऱ्याने नाही."

"तुला माहीत आहे मी काय म्हणतोय."

"तू त्यांना सांगितलंस मी आपणहून म्हणाले."

"मला वाटलं, म्हणशील." तो सिंकला टेकला. "मी सांगणार होतो. योग्य वेळ बघत होतो. तू खुब्याने हैराण, त्यात..."

"तू उन्हाळ्यापासून योग्य वेळ बघत होतास?"

"थेल." त्याचा आवाज खाली आला. "शहरातली माणसं येतायत. खरे संग्राहक. गाडी करून, मुद्दाम, माझ्या घरी. आयुष्यात एकदा कुणीतरी माझ्या मागच्या अंगणात नाही, पुढच्या दाराने आत येतंय. काहीतरी बघायला, जे माझं आहे. एकदा. आणि त्या खोलीत पलंग असेल, बेडपॅन असेल, गोळ्यांच्या बाटल्या असतील, तर ते काय म्हणतील? प्रुइट काय म्हणतील?"

थेल्माने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं, आणि कळल्याचा तिला राग आला. कुत्र्यांनी ओळखायचं आणि माणसांनी नाही, हे तिलाही ठाऊक होतं. शाळेतली मुलं मोठी होऊन बँकेत बसली तेव्हा त्यांनीही तिला ओळखलं नव्हतं. पण तिने त्यावरून नवऱ्याला घराबाहेर काढलं नव्हतं.

"ते म्हणतील, ट्रेगोच्या बायकोचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. "शहाणी असतील तर विचारतील, कशी आहे. नसतील तर त्यांनी येऊ नये."

"तुला समजतच नाही. एकदा हवा बिघडली की ती पानं..."

"ती पानं कुणी उघडणार आहे का?"

"तो मुद्दा नाही!"

"मग मुद्दा काय आहे ते मला सांग. नोरीनलाही सांग. गॅरी, तूही ये इकडे, ऐक." गॅरी पडवीतून आला, हातात बिअरचा कॅन. "सांग, वेंडेल. पुस्तकं वाचायला नाहीत. विकायला नाहीत. नोरीनला द्यायची म्हणशील तर तिला नकोत."

"मॉम..."

"हवीत का?"

नोरीनने मान हलवली, नाही अशी, बापाकडे न बघता.

"मग ती फक्त असायला आहेत," थेल्मा म्हणाली. "आणि ती तिथे असावीत म्हणून मी इथे नसायचं."

मागच्या खोलीत यंत्राचं तबक भरल्याचा भोंगा वाजला. कुणीच उठलं नाही. एरवी वेंडेल कुलूप काढून द्यायचा आणि थेल्मा उठून तबक ओतायची. वेंडेलने दोनदा तिच्याकडे पाहिलं, मग स्वतः जाऊन तबक ओतून आला. अर्धं पाणी त्याने पॅसेजमध्ये सांडलं.

तोपर्यंत थेल्मा भिंतीजवळच्या फोनपाशी पोचली होती. आयडाशी ती फार बोलली नाही. "नाही, भांडण नाही. नाही, मी रडत नाहीये. बस, येत नाही. हो, कुत्र्यांना सांग." तिने फोन ठेवला आणि काठीवर भार देऊन वळली.

"सोमवारी गॅरी पलंग खाली आणेल," ती म्हणाली. "सकाळी, निघायच्या आधी. त्या खोलीत."

"आणि पुस्तकं?" वेंडेल म्हणाला.

"वर, आपल्या झोपायच्या खोलीत."

"तिथे पश्चिमेचं ऊन येतं!"

"पडदा लाव."

"आणि जानेवारीत ते लोक..."

"त्यांना वर ने. जिना आहे. त्यांचे खुबे चांगले असतील." तिने ॲप्रनची गाठ सोडली आणि तो खुंटीला लावला. "मी त्या खोलीत झोपणार, वेंडेल. हिवाळाभर, आणि मग पुढेही. खोलीची किल्ली टेबलावर ठेव."